प्रयोगाची आखणी : पाणी आणि धान

पदार्थविज्ञानाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत दोन प्रकारचे प्रश्न संभवतात. पहिला प्रकार घरोघरी परिचित आहे. उपकरणे टेबलावर मांडलेली असतात, प्रयोगाचे नाव ठरलेले असते, कृती प्रयोगवहीत वर्षभर लिहून झालेली असते. परीक्षार्थ्याने ती हातून करून दाखवावयाची. महाराष्ट्रात बारावीच्या परीक्षेत या विषयाच्या १०० गुणांपैकी ३० गुण प्रात्यक्षिकासाठी राखलेले आहेत, आणि लंबक, मीटर-सेतू, अनुनादनलिका ही नावे विज्ञान शाखेत शिकलेल्या कोणासही आठवतील.

दुसरा प्रकार निराळा आहे. त्यात उपकरणे मांडलेली नसतात. प्रश्न एवढाच असतो की, अमुक गोष्ट तमुक गोष्टीवर कशी अवलंबून आहे, हे शोधण्यासाठी प्रयोगाची आखणी करा. केंब्रिजच्या ए लेव्हल परीक्षेत पदार्थविज्ञानाची पाचवी प्रश्नपत्रिका ३० गुणांची असून तिचे निम्मे गुण अशा आखणीला आहेत. ती प्रयोगशाळेत न जाता कागदावर सोडवावयाची असते. आंतरराष्ट्रीय पदार्थविज्ञान ऑलिम्पियाडमध्ये ५० पैकी २० गुण प्रयोगाचे असतात. २०१५ साली ही स्पर्धा मुंबईत भरली होती, व तिची सिद्धता होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने केली होती. तेथेही पाठ केलेली कृती फारशी उपयोगी पडत नाही.

अशा प्रश्नाचे नाव काढताच लहान गावातील विद्यार्थी बिचकतो. मोठ्या शहरातील सुसज्ज प्रयोगशाळा ज्यांच्या वाट्यास आली, त्यांचाच हा प्रांत, असा त्याचा समज होतो. वस्तुतः प्रयोगाची आखणी हा असा विषय आहे की, त्यात किमती उपकरणांचे महत्त्व सर्वांत कमी आणि नीट पाहिलेल्या गोष्टीचे महत्त्व सर्वांत अधिक. याची प्रचीती घेण्यास गोंदिया जिल्ह्यासारखे दुसरे चांगले ठिकाण क्वचितच सापडेल.

हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. तलाव आणि धान या दोन गोष्टींवर येथील शेती उभी आहे. नवेगाव बांध, बोदलकसा, चोरखमारा ही तलावांची नावे पर्यटकांस ठाऊक असतात. गावोगावचे लहान मालगुजारी तलाव मात्र शेतकऱ्यासच ठाऊक. गोंदिया शहर राइस मिलसाठी प्रसिद्ध आहे. तलावाचे पाणी दारातून सुटते, मिलचे धान नरसाळ्यासारख्या पात्रातून खाली उतरते. दोन्ही दृश्ये वरवर सारखीच दिसतात. वर साठा, खाली भोक, आणि त्यातून अखंड धार. यांतून परीक्षेला शोभतील असे दोन प्रश्न तयार होतात.

पहिला प्रश्न पाण्याचा. भांड्याच्या भोकातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग वरील पाण्याच्या उंचीवर कसा अवलंबून असतो, हे शोधण्याची आखणी करावयाची आहे.

आखणीची सुरुवात तीन यादींनी होते. बदलावयाचे काय? पाण्याची उंची. मोजावयाचे काय? ठरावीक वेळात बाहेर आलेले पाणी. स्थिर ठेवावयाचे काय? भोकाचा आकार, भांडे आणि पाण्याचे तापमान. येथपर्यंत बहुतेक विद्यार्थी येतात. खरी परीक्षा यापुढे सुरू होते. कारण पाणी वाहू लागताच त्याची उंची कमी होते, म्हणजे जी राशी आपल्या हाती असावी असे ठरले तीच हातातून निसटते.

यावर एक उपाय असा की, पातळी फक्त २ सेंटिमीटर उतरण्यास किती वेळ लागतो तेवढाच मोजावा. भांड्याचा व्यास १० सेंटिमीटर व भोक ५ मिलिमीटरचे धरले, तर ४० सेंटिमीटर उंचीला हा वेळ साडेचार सेकंदांच्या आसपास येईल. स्टॉपवॉच चालवणाऱ्या बोटाची चूक सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज असते, म्हणजे चूक शेकडा ४ हून अधिक झाली. पातळी अधिक उतरू द्यावी, तर वेळ वाढून ही चूक कमी होते. परंतु मग उंची एकच होती असे म्हणता येत नाही. एक चूक आवरावी तो दुसरी डोके वर काढते. या दोहोंचा हिशेब कागदावर मांडणे यालाच आखणी म्हणतात.

दुसरा उपाय अधिक चांगला आहे, आणि तो तलावाच्या काठीच सापडतो. तलाव भरला की जादा पाणी सांडव्यावरून निघून जाते आणि पातळी सांडव्याच्या माथ्याशी टिकते. भांड्याच्या अंगासही हव्या त्या उंचीवर एक मोठे छिद्र ठेवावे व वरून पाणी सतत ओतत राहावे. जादा पाणी त्या छिद्रातून वाहून जाईल, उंची ढळणार नाही, आणि खालच्या भोकाचे पाणी १० सेकंद निवांतपणे मोजपात्रात धरता येईल. आता बोटाची चूक शेकडा २ वर आली. १०, २०, ३० व ४० सेंटिमीटर उंचीवर चार छिद्रे ठेवून एका वेळी एकच उघडे ठेवले, की प्रयोगाचा सांगाडा पुरा झाला. प्रत्येक उंचीला तीन वेळा मोजून सरासरी घ्यावी.

या प्रश्नाचे उत्तर इटलीतील तोरिचेल्ली याने १६४४ साली प्रसिद्ध केले. वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. १० सेंटिमीटरला सेकंदास १.४ मीटर, तर चौपट म्हणजे ४० सेंटिमीटरला दुप्पट, २.८ मीटर. प्रत्यक्ष मिळणारे पाणी भोकाच्या क्षेत्रफळावरून येणाऱ्या हिशेबाच्या सुमारे ०.६ पटच भरते, कारण भोकातून निघताच धार आकुंचन पावते. पण हा गुणक सर्व उंचींना जवळजवळ सारखाच लागू असल्याने शोधावयाचा संबंध बिघडत नाही. सेकंदाला मिळालेल्या पाण्याचा वर्ग करून तो उंचीविरुद्ध मांडल्यास आलेख सरळ रेषेत यावा आणि ती रेषा आरंभबिंदूतून जावी. रेषा सरळ आली पण आरंभबिंदू चुकला, तर उंची भोकाच्या मध्यापासून न मोजता टेबलापासून मोजली गेली असण्याचा संभव मोठा. चांगल्या आखणीत चूक कोठे झाली हे सांगण्याची सोयही आधीच केलेली असते.

आता दुसरा प्रश्न. त्याच नळीत पाण्याऐवजी धान भरले, तर काय होईल?

तोरिचेल्लीचा नियम ज्याला पाठ आहे त्याचे उत्तर तयार असते. धानाची उंची चौपट, तर धार दुप्पट. परीक्षेत आखणी लिहिताना तो वर्गमुळाचा आलेख आधीच काढून मोकळा होतो. परंतु आखणी मनापासून करणाऱ्याला प्रथम वेगळ्याच अडचणी दिसू लागतात. धानाचा दाणा लांबट आहे; भोक लहान असेल तर दाणे एकमेकांत अडकून कमान धरतात व धार थांबते. म्हणून भोक दाण्याच्या लांबीच्या कित्येक पट हवे. धान ओले असेल तर ते आणखी अडते. म्हणून ते एकाच ढिगातले व सारखे वाळलेले हवे. पेंढ्याचे तुकडे पाखडून काढले पाहिजेत. ही यादी प्रयोगशाळेत पाठ होत नाही, सुपाने धान पाखडणाऱ्या घरात ती सहज कळते.

मोजणीची युक्तीही बदलते. सुमारे १० सेंटिमीटर व्यासाची, १ मीटर लांबीची नळी उभी करून तळाला ४ सेंटिमीटरचे भोक ठेवावे. तीत चार-साडेचार किलो धान मावते. खाली वजनकाटा ठेवून धार सोडावी, आणि नळी लवकर रिकामी होते म्हणून काट्याच्या आकड्यांचे चित्रण मोबाईलवर करून ठेवावे. मग दर २ सेकंदांनी वजन किती वाढले ते सावकाश वाचावे. उंचीचा परिणाम होत असेल, तर नळी रिकामी होत जाईल तसतशी ही वाढ कमी कमी होत गेली पाहिजे. एकाच भरण्यात नियम खरा की खोटा ते कळते.

ती वाढ कमी होत नाही. नळी भरलेली असो की बरीच उतरलेली असो, तळाशी थोडे धान उरेपर्यंत प्रत्येक २ सेकंदांत जवळजवळ तेवढेच धान पडते. भोकापाशी धानाची धार वरच्या ढिगाची पर्वाच करीत नाही. दाणे एकमेकांवर व भिंतीवर रेलतात आणि घर्षणामुळे वरचा बराच भार भिंती पेलतात. धान्याच्या कोठारात तळावरील दाब उंचीबरोबर वाढत न जाता एका मर्यादेशी थांबतो, हे जर्मन अभियंता यान्सेन याने १८९५ साली दाखविले. पुढे १९६१ साली बेव्हरलू व त्याच्या सहकाऱ्यांनी धारेचा नियम बसविला. भोकाचा व्यास दुप्पट केला तर पाणी चौपट येते, धान मात्र साडेपाच पटींहून अधिक. वाळूचे घड्याळ एकसारखे चालते याचे कारणही हेच. त्यात पाणी भरले असते, तर पहिली मिनिटे भरभर आणि शेवटची रेंगाळत गेली असती.

या दोन प्रश्नांच्या जोडीत शिकण्यासारखे काय आहे? प्रयोगवही भरताना उत्तर आधी ठाऊक असते, आणि ठाऊक उत्तराशी जुळतील असे आकडे उलट्या हिशेबाने लिहिण्याचा मोह विद्यार्थ्यास होतो. पाण्याच्या प्रयोगात ही लबाडी खपून जाते, कारण नियम खरा असतो. धानाच्या प्रयोगात तीच लबाडी विद्यार्थ्यास सपशेल चुकीच्या निष्कर्षाकडे नेते, आणि आकडे इतके सुबक असतात की चूक त्याला कधी कळतच नाही. आखणीच्या प्रश्नाला जो मान आहे तो यासाठी. निसर्गाला ‘नाही’ म्हणण्यास जागा ठेवली आहे की नाही, हे परीक्षक त्यातून पाहतो.

ज्या घरात असा परीक्षार्थी आहे, तेथील वडीलधाऱ्यांस विज्ञान येत असलेच पाहिजे असे नाही. मुलाने वा मुलीने लिहिलेली आखणी हाती घेऊन त्यांनी चार प्रश्न विचारले तरी पुरेत. एका वेळी एकच गोष्ट बदलली आहे ना? मोजण्यातील चूक, जो फरक पाहावयाचा त्यापेक्षा पुष्कळ लहान आहे ना? या आखणीवरून परक्या माणसालाही, काहीही न विचारता, प्रयोग करता येईल ना? आणि अपेक्षा खोटी ठरली, तर ते कशावरून कळेल? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर कागद परत द्यावा आणि पुन्हा लिहावयास सांगावे. नळीचा तुकडा, पसाभर सुतळी, घरचे धान आणि वाण्याचा काटा एवढ्या साहित्यात त्या उत्तराचा पडताळा रविवारच्या एका दुपारीही घेता येईल.