चाबूक की मूठभर दाणा?
(ट्रस्टच्या महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आमच्या आधीच्या वक्त्यांनी या व्यासपीठावरून शिक्षण, आरोग्य असे भारदस्त विषय मांडले. आम्ही घोड्यावर बोलणार हे समजल्यावर एका स्नेह्यांनी हसून विचारले, "मास्तर, शाळा सोडून पागेत केव्हा गेलात?" त्यांना आमचे उत्तर असे की शाळा आणि पागा यांत आपण समजतो तितके अंतर नाही. शिवाय या सभागृहात बसलेल्या बहुतेक कुटुंबांनी केव्हा ना केव्हा वरातीसाठी घोडी ठरविलेली आहे, आणि येत्या लग्नसराईत आणखी कित्येकजण ठरवतील. तेव्हा विषय आपल्या दारातलाच आहे.

आपल्या भाषेत घोड्याला शिकवणाऱ्याचे नाव काय? चाबुकस्वार. शिकवणाऱ्याची ओळख आपण त्याच्या हातातील हत्यारावरून ठरवली. आम्हां मास्तर लोकांनाही एके काळी छडीवरूनच ओळखत असत. छडी वर्गातून कायद्याने गेली. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यातील १७ व्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास मनाई आहे. घोड्याच्या बाबतीतही कायदा आहे, आणि तो पुष्कळ जुना आहे. त्याकडे पुढे वळू.

प्रथम घोडा हा प्राणी कसा आहे ते पाहू. तो शिकार करणारा नव्हे, शिकार होणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे जवळजवळ सभोवारचे त्याला दिसते. मात्र अगदी नाकापुढचे आणि अगदी शेपटीमागचे दिसत नाही. भीती वाटली की पळणे, हेच त्याचे संरक्षण. त्याची कातडी इतकी संवेदनशील की एक माशी बसली तरी तेवढाच भाग थरथरतो. आणि कुत्र्यासारखा तो वेदनेने ओरडत नाही. मुकाट सोसतो, म्हणून त्याला काही होत नाही असे पाहणाऱ्याला वाटते.

त्याच्या खालच्या जबड्यात पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये बिनदाताची एक मोकळी जागा असते. लगामाचे कडियाळे तेथे बसते. त्या ठिकाणी हाडावर मांसाचा जेमतेम एक पातळ पदर असतो. आता कल्पना करा की गुळगुळीत कडियाळ्याऐवजी तेथे खिळ्यांसारखी टोके असलेले काटेरी कडियाळे घातले आहे, आणि लगाम धरणारा माणूस बाजाच्या तालावर त्याला हिसके देतो आहे. ही कल्पना नाही. वरातीच्या कित्येक घोड्यांच्या तोंडात अशी कडियाळी घालतात. घोडी मान उडवते, पुढचे पाय उचलते, तोंडाला फेस येतो. आपण म्हणतो, काय सुरेख नाचते! पुष्कळदा तो नाच नसतो, तोंडातील टोचणी चुकविण्याची धडपड असते.

बी.एड.च्या वर्गात आम्ही सर्वांनी थॉर्नडाइकच्या मांजराची गोष्ट पाठ केली आहे. या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने भुकेल्या मांजराला पेटीत कोंडून बाहेर अन्न ठेवले. धडपडता धडपडता मांजराकडून दाराची कळ दाबली जाई, दार उघडे, अन्न मिळे. पुढच्या पुढच्या खेपेस ते लवकर बाहेर पडू लागले. १८९८ साली त्याने हे प्रयोग प्रसिद्ध केले, आणि त्यांतून निघालेला नियम साधा आहे : ज्या कृतीचे फळ गोड, ती कृती प्राणी पुन्हा करतो. परीक्षेत हे लिहून आपण गुण मिळवतो आणि घरी आल्यावर विसरतो.

घोड्याच्या बाबतीत हा नियम असा चालवितात. काठीच्या टोकाला एक चेंडू बांधून तो घोड्यापुढे धरावयाचा. घोडा जात्या चौकस, तो नाक लावतो. नाक लागले त्याच क्षणी एक ठरावीक आवाज करावयाचा आणि लगेच गाजराची चकती किंवा मूठभर दाणा द्यावयाचा. तोंडाने 'टक् टक्' करू नये, कारण आपल्याकडे त्या आवाजाचा अर्थ 'चल' असा घोड्याला आधीच माहीत असतो. जत्रेत मुलांना मिळते ती पत्र्याची टिकटिकी उत्तम. थोड्याच वेळात घोड्याच्या ध्यानात येते की आवाज म्हणजे 'हेच बरोबर'. मग चेंडू जिकडे, घोडा तिकडे. अशा रीतीने त्याला गाडीत चढणे, पाण्यातून जाणे, नालबंदापुढे पाय उचलून उभे राहणे, सारे शिकविता येते. ताशा-ढोलाची भीतीही अशीच जाते : वाद्य प्रथम दूर आणि हळू वाजवावे, घोडा निवांत दाणा खात राहील इतकेच, मग दिवसा-दिवसांनी जवळ आणावे.

यात सारी करामत वेळेची आहे. गवई समेवर आला की त्याच क्षणी 'वाहवा' निघाली पाहिजे. दोन आवर्तने गेल्यावर दिलेली दाद कशाला दिली हे गवयालाही कळत नाही. घोड्याचेही तसेच. चांगला स्वार लगाम ओढतो तेव्हाही हेच पथ्य पाळतो : घोडा थांबला की तत्क्षणी लगाम सैल. ती सैल होण्यातच त्याचे शिकणे आहे. वरातीच्या घोडीचे दुर्दैव हे की ती थांबली तरी टोचते, चालली तरी टोचते. मग तिने शिकावे काय?

गाणे आणि घोडा ही जोडी आम्ही उगाच जुळवली नाही. भारतातल्या पहिल्या सर्कशीचे संस्थापक विष्णुपंत छत्रे हे सांगलीकडच्या अंकलखोपचे. ग्वाल्हेरला त्यांनी बाबासाहेब आपटे यांच्याकडे अश्वविद्या आणि उस्ताद हद्दू खाँसाहेबांकडे गाणे, असे दोन्ही शिकून घेतले. पुढे मुंबईत कियारिनी या इटालियनाची सर्कस पाहून १८८० साली त्यांनी 'ग्रेट इंडियन सर्कस' काढली. आपल्या उस्तादांचे चिरंजीव रहमत खाँ यांना त्यांनी याच सर्कशीबरोबर सांभाळले. ब्राह्मण शिष्याने मुसलमान गुरूचे ऋण सर्कशीच्या तंबूत फेडावे, ही गोष्ट आम्हांला फार आवडते. विषयांतर झाले, पण होऊ द्या. सर्कशीत चाबूक नव्हता असे मात्र कोणी समजू नये.

आपल्या बडोद्याचेच उदाहरण पाहा. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत (१८५६-७०) येथे अगडात साठमारी होत असे. हत्तीला डिवचून पिसाळविणे हा त्या खेळाचा प्राण. लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्याच शहरात पुढे सयाजीराव महाराजांच्या काळात पाहुण्यांपुढे पोपटांचे खेळ होऊ लागले. पोपट चांदीच्या इवल्या सायकली चालवीत, छोटीशी तोफ डागीत. आता मास्तर म्हणून आम्ही विचार करतो, पोपटाला चाबकाने सायकल कशी शिकवणार? एका फटक्यात पक्षी जायचा. तेथे धीर आणि दाणा यांखेरीज उपायच नाही. हत्तीचा, घोड्याचा देह मोठा, तो फटका सोसू शकतो, म्हणून आपण मारतो. घोड्याचा सारा अपराध एवढाच की तो मार खाऊन जिवंत राहतो.

दाण्याने घोडा लाडावतो, खिसे हुंगतो, चावरा होतो, असे जुने लोक म्हणतात. हा आक्षेप खोटा नाही. खिशातून केव्हाही खाऊ दिला तर तसे होतेच. म्हणून पहिला धडा हाच द्यावयाचा, की तोंड पुढे केले तर काही मिळत नाही, मान सरळ ठेवून उभे राहिले तर मिळते. शिवाय लाच आणि बक्षीस यांत भेद आहे. लाच आधी दाखवितात, बक्षीस काम झाल्यावर मिळते. फ्रान्समध्ये तरुण घोड्यांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दाणा देऊन शिकविलेले घोडे लवकर शिकले, शिकलेले कित्येक महिन्यांनंतरही विसरले नाहीत, आणि माणसाजवळ आपण होऊन अधिक आले. नॉर्वेमध्ये तर २०१६ साली २३ घोड्यांची हकीकत प्रसिद्ध झाली. झूल घाला, झूल काढा, आहे तसे राहू द्या, अशा तीन अर्थांच्या तीन पाट्या त्यांना गाजराच्या बक्षिसाने दोन आठवड्यांत शिकविल्या. पुढे थंडी-पावसात बहुतेक घोडे झुलीची पाटी दाखवीत आणि ऊन असले की नको म्हणत. ज्याला आपण मुके जनावर म्हणतो त्याचे मत विचारण्याची ही रीत पाहून आम्ही थक्क झालो.

घोडीवाल्याला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. त्याची बाजूही ऐकावी. लग्नसराईचे थोडे दिवस सोडले तर घोडीला काम नाही, दाणा-गवत मात्र बारा महिने. वरातीत कानठळ्या बसविणारा डीजे, पायाशी फटाके, आणि पाठीवर नवरदेव, ज्याने जन्मात लगाम धरलेला नसतो. नवऱ्यापुढे बहुधा एखादे लहान मूलही बसवलेले. घोडी बिथरली तर काय होईल या भीतीने तो काटेरी कडियाळे घालतो. परंतु वेदनेने बिथरलेले जनावर अधिक जोराने पळते. घोडीला धीराने शिकवायला जे महिने लागतात, त्यांचा पैसा आपण भाड्यात देत नाही. घासाघीस करून सर्वांत स्वस्त घोडी आणतो. तोंडातील काट्यांचे निम्मे मोल असे आपणच वाचवलेले असते.

आता कायदा. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० चा. त्याखाली ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांसाठी १९६५ साली नियम झाले, त्यांतील आठवा नियम स्पष्ट आहे : हाकण्यासाठी, बसण्यासाठी वा आवरण्यासाठी काटेरी काठी, काटेरी कडियाळे, जनावराला इजा करील असे कसलेही टोकदार साहित्य वापरता येत नाही. म्हणजे दांडियाबाजार-रावपुऱ्यातून वाजतगाजत जाणारी अशी वरात ही भर रस्त्यातील कायदेभंगाची मिरवणूक आहे, आणि तिच्या अग्रभागी आपण फेटे बांधून चालतो.

म्हणून या कुटुंबांपाशी आमचे मागणे आहे. घोडी ठरविताना मालकाला तिचे तोंड उघडून दाखवावयास सांगावे आणि कडियाळ्यावर स्वतः बोट फिरवून पाहावे. गुळगुळीत असेल तरच विसार द्यावा, आणि त्या मालकाला दोन पैसे जास्त द्यावेत. फटाके घोडीजवळ नकोत, डीजे तिच्यापासून दूर असावा, दोन्ही बाजूंना तिच्या ओळखीचे मोतद्दार असावेत, वाटेत पाणी पाजावे. विश्वस्त मंडळींना एक निराळी विनंती. आपले हे सभागृह लग्नकार्यासाठी दिले जाते. त्याच्या भाडेपत्रकात, काटेरी कडियाळे घातलेले जनावर आवारात आणू नये, असे एक कलम घालावे. आम्ही ते भाडेपत्रक आजच कचेरीत पाहिले. चौदाव्या कलमाखाली दोन ओळींची जागा रिकामी आहे.