लोणारचीं दोन चित्रें



वऱ्हाडांतील लोणारचें सरोवर आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. काळ्या खडकावर अशनि आदळून झालेलें हें सुमारें १·८ किलोमीटर व्यासाचें विवर. २५ मे २०२० रोजीं लँडसॅट उपग्रहानें घेतलेल्या छायाचित्रांत त्याचें पाणी हिरवट होतें. १० जूनच्या चित्रांत तेंच गुलाबी! कित्येकांस तो चमत्कार वाटला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें पाणी तपासलें. तें आटून खारेपणा वाढला होता आणि खारटपणांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या रंगद्रव्यानें तो रंग आला होता. पुढें तो ओसरला.

सोळा दिवसांच्या या चित्रांवरून सरोवर पालटलें म्हणणें, म्हणजे एका दिवसाच्या तापावरून माणसाची प्रकृति ठरविणें होय. खरा पालट संथ असतो : कांठावर पसरणारी वेडी बाभूळ, आणि कमळजादेवीच्या देवळाकडे सरकणारी किंवा तेथून हटणारी पाण्याची रेषा. तो टिपावयाचा तर कॅमेरा दरवर्षीं त्याच जागीं, त्याच ऋतूंत, त्याच वेळीं उभा केला पाहिजे. नाहीं तर वर्षांचा फरक मोजतों असें वाटेल, आणि मोजला जाईल ऋतूंचाच.

सन २०२० मध्येंच लोणारला रामसर पाणथळाचा मान मिळाला. परंतु जें राखावयाचें, तें पूर्वीं कसें होतें हें ठाऊक हवें. अमरावती-अकोल्याच्या घरोघरीं लोणारच्या सहलींचे फोटो असतील. त्यांच्या पाठीवर महिना व साल लिहून ठेवा. माणसांच्या मागें दिसणारी पाण्याची रेषा उद्यां साक्षीस उपयोगी पडेल.