हरिकेन, टायफून आणि आपले चक्रीवादळ



भूगोलाच्या तासाला मुले हमखास विचारतात, "सर, अमेरिकेत हरिकेन होते, मग आपल्याकडे का होत नाही?"

होते की! नाव तेवढे वेगळे. अटलांटिक महासागरात ज्यास हरिकेन म्हणतात, तेच चीन-जपानकडे टायफून आणि आपल्या अरबी समुद्रात चक्रीवादळ. 'सायक्लोन' हा शब्द तर कलकत्त्यात राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी रूढ केला. जन्माची रीतही एकच. समुद्राचे पाणी साधारण २६-२७ अंशांहून अधिक तापते, वाफ वर जाऊन तिचे ढग होतात, त्यातून सुटलेल्या उष्णतेने हवेचा दाब आणखी उतरतो आणि भोवतालचा वारा आत धावतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे तो सरळ न येता वळतो.

वैशाखातील वळवाचे वादळ या घराण्यातले नव्हे. ते तास-दोन तासांचे. टॉर्नेडोही तशाच गडगडाटी मेघातून उतरतो. रुंदी बहुधा काही शे मीटर, आयुष्य मिनिटांचे, वेग मात्र भयंकर. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरते आणि कित्येक दिवस टिकते.

आता मुद्द्याची गोष्ट. हरिकेन म्हणावयाचे तर वारा ताशी ११९ किलोमीटर हवा. आपल्या हवामान खात्याची पहिली पायरी ६२ वरच सुरू होते. नोव्हेंबर २००९ चे 'फयान' या पहिल्या पायरीवरचे. अमेरिकेत त्यास कोणी हरिकेन म्हटले नसते. तरीही कोकणातील अनेक मच्छीमार त्यात गेले, कारण ते खोल समुद्रात होते. ऑक्टोबर २०१९ चे 'क्यार' शेवटच्या पायरीपर्यंत चढले, पण आपल्या किनाऱ्यावर आलेच नाही. तरी उधाणाचे पाणी देवबागेत शिरले आणि पावसाने कापणीचे भात नासले. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' जमिनीवर उतरले गुजरातेत, पण त्याआधी विजेचे खांब आडवे झाले ते आपल्या सिंधुदुर्गात!

म्हणून मी मुलांना पायऱ्यांआधी बंदरावरचे बावटे शिकवतो. १ आणि २ नंबर दूरच्या समुद्रातील वादळाचे. ३ नंबर लागला की धोका खुद्द आपल्या बंदराला. ८ ते १० म्हणजे महासंकट. तीन नंबर पाहून "एवढेच ना!" म्हणत होडी लोटणारे पुष्कळ आहेत. त्यांना अडवायचे काम बहुधा शाळेतून आलेल्या पोरालाच करावे लागते.