कायद्याचा शब्द आणि बालकाचे संरक्षण
(किन्हीराजा, जि. वाशीम येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



कायद्यातील शब्दाचा अर्थ संकुचित केला, तर ज्याच्यासाठी कायदा झाला तोच उघड्यावर पडतो. १४ नोव्हेंबर २०१२ रोजी अमलात आलेल्या, लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या अधिनियमाबाबत हे दोनदा घडू पाहत होते.

आपला जिल्हा ज्याच्या कक्षेत येतो, त्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये ‘स्पर्श’ म्हणजे त्वचेला त्वचेचाच स्पर्श, असा अर्थ लावला. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. निर्णायक ठरतो तो लैंगिक हेतू. मधले वस्त्र नव्हे.

दुसरा प्रश्न मोबाइलचा. बालकांची अश्लील चित्रफीत केवळ उतरवून घेऊन पाहणे हा गुन्हा नव्हे, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०२४ च्या जानेवारीत म्हटले. २३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेही अमान्य केले. पुढे पाठविण्याच्या हेतूने ती बाळगणे आणि नष्ट न करणे वा न कळविणे हा कलम १५ खाली गुन्हा होय. ती प्रत्यक्ष पाठविलीच पाहिजे असे नाही.

अर्थ लावणे हे न्यायालयाचे काम. बैठकीत प्रकरण मिटविणे हे आपले काम नव्हे. गुन्हा घडल्याचे कळले किंवा घडण्याची भीती वाटली, तर पोलिसांना कळविणे कलम १९ नुसार प्रत्येकावर बंधनकारक आहे. घडलेला गुन्हा दडविल्यास शिक्षा होऊ शकते. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. गावाची अब्रू मुलाच्या सुरक्षिततेहून मोठी नसते.