नक्कल, चोरी आणि आपली स्मरणिका
(गणेशोत्सवात केलेले भाषण)



मी काही वक्ता नव्हे. सोलापूरला डिप्लोमा केला, दक्षिण रेल्वेत लागलो आणि रुळांच्या देखभालीत वीस वर्षं गेली. तुम्ही तंजावरकरांनी आपलं मानलंत, म्हणून इथे उभा राहण्याचं धाडस करतो.

सुरुवात एका कबुलीने करतो. गेल्या वर्षीची स्मरणिका माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर तयार झाली. पानं लावायचं सॉफ्टवेअर विकत घेतलेलं नव्हतं, कुलूप तोडलेली कॉपी होती. मुलाने विचारलं, "बाबा, बाप्पाचं पुस्तक चोरीच्या सॉफ्टवेअरवर?" मी म्हणालो, "अरे, कुणाच्या घरातून काही उचललं का? नुसती कॉपी आहे." उत्तर दिलं खरं, पण रात्री झोप लागेना.

पोराचं बरोबर की माझं? आधी माझी बाजू मांडतो. त्यासाठी आपल्या सरस्वती महालात जाऊ. 2005 साली तिथून झीगेनबाल्गचं तरंगमपाडीला छापलेलं तमिळ बायबल नाहीसं झालं. 2022 साली ते लंडनमधल्या एका संग्रहात असल्याचा पोलिसांना शोध लागला. सतरा वर्षं इथली जागा रिकामी होती. ही चोरी. आता दुसरी गोष्ट. सरफोजी महाराजांनी 1820 च्या सुमारास काशीयात्रेत पंडित लावून कितीतरी पोथ्या विकत घेतल्या, कितीतरी नकलून घेतल्या. नकललेली मूळ पोथी तिथल्या पंडिताच्या दप्तरातच राहिली आणि आपल्याकडेही आली. विद्या दुप्पट झाली! त्या नकलांबद्दल महाराजांना आपण हातच जोडतो.

कायदाही हा फरक मानतो. चोरी म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू अप्रामाणिकपणे हलवणं. ते कलम पूर्वी दंडसंहितेत होतं, 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेत आहे. सॉफ्टवेअरची बेकायदा कॉपी मात्र 1957 च्या कॉपीराइट कायद्यात येते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही 1985 साली, एल्विस प्रेस्लीच्या बेकायदा तबकड्यांच्या खटल्यात, कॉपीराइटचा भंग आणि चोरी यांना सरळ एका मापाने मोजता येणार नाही, असं म्हटलं.

म्हणजे मी सुटलो? नाही मंडळी. इथे माझी नोकरीच माझ्या विरुद्ध साक्ष देते.

रूळ स्लीपरला धरून ठेवणारी लोखंडी क्लिप कुणी काढून नेली, तर रुळावर ती नसते. गाडीला धोका होतो. त्यासाठी 1966 चा रेल्वे मालमत्तेचा कायदा आहे, पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद. दुसरा माणूस फुकट्या प्रवासी. डब्यात जागा रिकामी होती, गाडी त्याच्याशिवायही धावणारच होती, रेल्वेची एकही वस्तू कमी झाली नाही. तरी 1989 च्या रेल्वे कायद्याचं 137 वं कलम त्याला सहा महिन्यांपर्यंत आत टाकू शकतं. त्याला कुणी क्लिपचोर म्हणत नाही, पण साव म्हणूनही सोडत नाही. कारण गाडी ज्या पैशावर धावते त्यातला आपला वाटा त्याने दुसऱ्यांच्या खिशातून भरला. मी सॉफ्टवेअरमधला फुकट्या प्रवासी होतो.

आपल्या सबबी आपल्याला पाठ असतात. "कंपनी गडगंज आहे." गडगंज तर रेल्वेही आहे! "नाहीतरी मी विकत घेतलंच नसतं." यात तथ्य आहे, प्रत्येक कॉपीमागे एक विक्री बुडते असं मीही मानत नाही. पण मग ते वापरूही नये. आणि सगळेच काही गडगंज नसतात. मराठी फाँट करणाऱ्याला जोडाक्षरांसकट शेकडो आकार एकेक करून काढावे लागतात. तो मजुरी मागतो, भीक नव्हे.

शिक्षेचंही ऐका. जाणूनबुजून बेकायदा कॉपी कॉम्प्युटरवर वापरली तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल, तर न्यायालय कैद माफ करून पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर भागवू शकतं. आपल्या मंडळाची वर्गणी आठवा आणि हिशेब करा!

मग गरिबाने काय करायचं? रस्ता आहे. ज्यांनी आपणहून 'घ्या, वाटा' म्हटलंय ते घ्यायचं. लिनक्स 1991 पासून आहे, लिबरऑफिस 2010 पासून. एक टाइप या मंडळींचा मुक्ता फाँट देवनागरीत आहे आणि त्याचंच भावंड मुक्ता मलर तमिळमध्ये. आपल्यासारख्या दोन भाषांत नांदणाऱ्यांना आणखी काय हवं? यंदाची ही स्मरणिका लिबरऑफिस आणि मुक्तावरच केली आहे. चार रात्री जास्त जागलो, काही पानं वेडीवाकडी लागली असतील, ती गोड मानून घ्या. जुनी कॉपी मुलासमोर पुसून टाकली.

शेवटी एवढंच. आपला बाप्पा हा लेखनिक. व्यासांनी भारत सांगितलं ते याने लिहिलं. 'मध्ये थांबणार नाही' ही गणपतीची अट, 'समजल्याशिवाय लिहायचं नाही' ही व्यासांची. दोघांनी एकमेकांची अट पाळली म्हणून ग्रंथ झाला. करणाऱ्याची अट मान्य असेल तर घ्यावं, नसेल तर हात जोडून दुसरीकडे जावं. मुलाला मी आता हेच उत्तर दिलं आहे.

गणपती बाप्पा मोरया!