विद्युत वाहनासाठी शासकीय अर्थसाहाय्य : मुदत आणि हिशेब

(बऱ्हाणपूर येथे ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे केलेले भाषण)



आपल्या शहरालगतचा कुंडी भंडारा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. सन 1615 च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, शंभराहून अधिक कुंड्या खोदून त्या जमिनीखालील बोगद्याने एकमेकींना जोडण्यात आल्या आणि सातपुड्याकडून झिरपणारे पाणी केवळ उताराच्या बळावर शहरात आणण्यात आले. त्या कामाला आरंभी मोठा खर्च झाला असलाच पाहिजे. परंतु शहरापर्यंत पाणी वाहून आणण्यास पुढे ना बैल लागले, ना मोट. आरंभीचा खर्च अधिक आणि नित्याचा खर्च अल्प, असा त्या योजनेचा हिशेब होता. विजेवर चालणाऱ्या वाहनाचा हिशेबही याच जातीचा आहे. सामान्य कुटुंब नेमके आरंभीच्या खर्चापाशीच अडते. तो उंबरठा ओलांडता यावा म्हणून शासन जे अर्थसाहाय्य देते, त्याविषयी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

आपला देश आपल्या गरजेच्या पंचाऐंशी टक्क्यांहून अधिक खनिज तेल परदेशांतून आणतो. हा भार हलका व्हावा आणि शहरांची हवा स्वच्छ राहावी, या हेतूने केंद्र शासनाने 2015 मध्ये ‘फेम’ ही योजना सुरू केली. तिचा दुसरा टप्पा 1 एप्रिल 2019 पासून 31 मार्च 2024 पर्यंत चालला. त्यानंतर सहा महिने एक तात्पुरती योजना होती आणि 1 ऑक्टोबर 2024 पासून 10,900 कोटी रुपयांची ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजना अमलात आली.

या काळात साहाय्याची रक्कम कशी बदलत गेली, हे लक्षात घेणे अगत्याचे आहे. दुचाकीसाठी ही रक्कम बॅटरीच्या क्षमतेवर, म्हणजे तिच्यात विजेची किती युनिटे मावतात यावर ठरते. जून 2021 मध्ये प्रत्येक युनिटामागे 15,000 रुपये मिळत; तीन युनिटांच्या दुचाकीस किमतीच्या मर्यादेत 45,000 रुपयांपर्यंत सवलत होती. जून 2023 मध्ये दर 10,000 रुपयांवर आला आणि किमतीच्या प्रमाणात असलेली मर्यादा चाळीस टक्क्यांवरून पंधरा टक्क्यांवर आली. 2024 मध्ये दर 5,000 रुपये व कमाल रक्कम 10,000 रुपये झाली. 2025-26 या वर्षासाठी दर 2,500 रुपये आणि कमाल रक्कम अवघी 5,000 रुपये ठरली. ऑगस्ट 2025 मध्ये योजनेची एकूण मुदत मार्च 2028 पर्यंत वाढविण्यात आली. तथापि दुचाकी व तीनचाकी वाहनांच्या साहाय्याची मुदत त्या वेळी 31 मार्च 2026 हीच ठेवण्यात आली. म्हणून शेजाऱ्याला गेल्या वर्षी किती मिळाले, हे विचारून आपले अंदाजपत्रक करू नये. खरेदीच्या दिवशी कोणता नियम लागू आहे, एवढेच विचारावे.

हे पैसे आपल्या बँकखात्यात जमा होत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. विक्रेता ती रक्कम बिलातून वजा करतो आणि उत्पादक ती नंतर शासनाकडून मागून घेतो. ई-ड्राइव्ह योजनेत ग्राहकाची आधारद्वारे ओळख पटवून त्याच्या मोबाईलवर ई-व्हाउचर पाठविण्याची पद्धत ठेवण्यात आली. त्यावर ग्राहक व विक्रेता या दोघांनी सही करावयाची असते. म्हणून बिलावर मूळ किंमत, वजा केलेले साहाय्य आणि चार्जरची किंमत या तिन्ही गोष्टी स्पष्ट लिहून घ्याव्यात. किंमत मर्यादेत दिसावी म्हणून काही उत्पादकांनी चार्जर वेगळा विकल्याचे 2023 मध्ये उघडकीस आले आणि त्यांना ग्राहकांचे पैसे परत करणे भाग पडले. ज्यांच्यापाशी बिल जपून ठेवलेले असते, त्यांचाच हक्क शाबीत होतो.

आता मुख्य मुद्दा. वाहन घ्यावे की नाही, हे साहाय्यावरून ठरवावे काय? आपण एक साधा हिशेब करू. पेट्रोलचा दर शंभर रुपये धरला आणि दुचाकी लिटरमागे पन्नास किलोमीटर चालली, तर किलोमीटरला दोन रुपये पडतात. तीन युनिटांची बॅटरी भरण्यास साडेतीन युनिटे लागली, युनिटाचा दर आठ रुपये धरला आणि वाहन नव्वद किलोमीटर चालले, तर किलोमीटरला सुमारे तीस पैसे पडतात. जो शिक्षक खकनारच्या बाजूच्या शाळेवर रोज जाऊन-येऊन तीस किलोमीटर प्रवास करतो, त्याचे दिवसाला सुमारे पन्नास रुपये वाचतील. तीनशे दिवसांत पंधरा हजार. पाच हजारांचे साहाय्य त्याची सुमारे चार महिन्यांची बचत झाली. मात्र ज्याचे जाणे-येणे रोज सहा किलोमीटरच आहे, त्याचे वर्षाला तीनच हजार वाचतील. तेव्हा निर्णय साहाय्याने होत नाही, अंतराने होतो. साहाय्य एकदाच मिळते. अंतर रोज कापावयाचे असते.

आपल्या केळी-बागायतदारांना हे नव्याने सांगावयास नको. ठिबक सिंचनासाठीही अनुदान मिळते. ज्याने पाण्याचा हिशेब करून नळ्या अंथरल्या, त्याला त्यांचा लाभ झाला. ज्याने केवळ अनुदानासाठी घेतल्या, त्याच्या नळ्या बांधावर पडून राहिल्या.

ई-रिक्षा घेऊ इच्छिणाऱ्या तरुणांनी तर अधिक सावध असावे, कारण तेथे घराच्या चरितार्थाचा प्रश्न असतो. ई-ड्राइव्ह योजनेत ई-रिक्षास पहिल्या वर्षी 25,000 रुपयांपर्यंत आणि 2025-26 साठी 12,500 रुपयांपर्यंत साहाय्य ठरले होते. परंतु ते लिथियमसारखी प्रगत बॅटरी असलेल्या, नोंदणीकृत वाहनासच. शिसे-आम्लाची बॅटरी असलेली रिक्षा घेताना स्वस्त पडते. तिला हे साहाय्य नाही आणि तिची बॅटरी लवकर बदलावी लागते. कर्जाचा हप्ता मात्र कोणासाठी थांबत नाही. म्हणून बॅटरीची लेखी हमी किती वर्षांची, दुरुस्ती बऱ्हाणपुरात होते की इंदूर वा जळगाव गाठावे लागते, हे विचारूनच कर्जाच्या कागदावर सही करावी.

आपला जिल्हा सीमेवरचा आहे. रावेर व मुक्ताईनगर येथे आपली सोयरीक आहे, बाजारही आहे. महाराष्ट्राने आणि मध्य प्रदेशानेही 2025 मध्ये आपापली नवी विद्युत वाहन धोरणे मंजूर केली. परंतु राज्याकडून मिळणारी कराची व नोंदणी शुल्काची सवलत नोंदणी ज्या राज्यात होते त्या राज्याच्या नियमाने मिळते आणि कायद्यानुसार नोंदणी मालक राहतो वा जेथे वाहन सामान्यतः ठेवले जाते तेथे करावयाची असते. पलीकडच्या नातलगाच्या पत्त्यावर वाहन नोंदविण्याचा मोह टाळावा. अपघाताच्या वा विम्याच्या प्रसंगी असा कागद आपल्याच विरुद्ध उभा राहतो. वस्तू व सेवा कर मात्र दोन्हीकडे सारखाच आहे. विद्युत वाहनांवरील हा कर 1 ऑगस्ट 2019 पासून बारा टक्क्यांवरून पाच टक्के करण्यात आला.

शेवटी आपणां तिघांनाही एकेक विनंती करतो. अधिकारी बंधूंनी योजनेची चालू मुदत, रक्कम व लागणारे कागद मोठ्या अक्षरांत फलकावर लावावेत आणि मुदत संपताच तो फलक काढावा. जुन्या फलकाने अज्ञानापेक्षा अधिक नुकसान होते. शिक्षकांनी वर केलेला हिशेब मुलांकडून वर्गात करून घ्यावा. मुले तो घरी नेतील. आणि ग्रामस्थांनी दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी एक महिना आपले रोजचे किलोमीटर वहीत लिहून ठेवावेत. ती वही हाती असेल, तर मिळणाऱ्या साहाय्याचे चीज होईल. आणि साहाय्य बंद झाले असले, तरी आपला निर्णय चुकणार नाही.