विरजणाची वाटी



आजच्या वर्धापनदिनी मीही चार शब्द बोलावे असा तुम्ही आग्रह केलात. माझे शिक्षण सातवीपर्यंत, भाषणाची सवय नाही. म्हणून जिच्याकडून मी शेजारधर्म शिकले, त्या शेजारणीविषयीच सांगते.

२००३ साली लग्न होऊन मी साताऱ्याकडून कुर्ल्याच्या चाळीत आले. आमची खोली तळमजल्यावर, वहिनींची वरच्या मजल्यावर. त्या रत्नागिरीकडच्या. तिसऱ्याच दिवशी वाटी घेऊन दारात उभ्या. "अगं, चमचाभर विरजण दे." मग कधी मिरच्या, कधी सुईदोरा. पुढे त्यांच्या घरी गेले तर दह्याचे सट भरलेले! मी विचारले, तेव्हा हसून म्हणाल्या, "मी मागितल्याशिवाय तू मागितले असतेस होय?" त्यांची वाटी मी शेंगदाण्याची चटणी घालून परत करी, माझी त्या आमसुले घालून.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठी नदीचे पाणी कुर्ल्यात शिरले. गाड्या बंद, हे कामावर अडकलेले, घरात गुडघाभर पाणी. वहिनी हाक मारण्याआधीच खाली आल्या, सात महिन्यांच्या बाळाला छातीशी धरले आणि मला म्हणाल्या, "तांदळाचा डबा घे." रात्री त्यांच्या एवढ्याशा खोलीत आम्ही अकरा माणसे होतो. सर्वांदेखत त्या म्हणाल्या, "माझे तांदूळ पुरायचे नाहीत, तुझे दे बाई." माझा संसार पाण्यात होता, पण त्या एका मागण्याने मी आश्रित राहिले नाही, घरची झाले. हे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चालत घरी पोहोचले.

त्यानंतर आम्ही शेजारणी उरलो नाही, मैत्रिणी झालो. २०१९ साली वहिनी गेल्या. शेवटच्या आजारात सुनेलाही संकोचाने न सांगितलेले मला सांगत, "आज मऊ पेज कर गं, वेणीही घाल." तेवढे करायला मिळाले, हे माझे भाग्य.

भगिनींनो, देणारे हात पुष्कळ असतात. मोकळेपणाने मागणारा शेजारी दुर्मीळ. आता आपण बंद दारांच्या इमारतींत राहतो. नवी बाई राहायला आली, तर लाडू घेऊन जरूर जा. पण एखादे दिवशी रिकामी वाटीही घेऊन जा.